दहा दिवसांची खोली आणि तिच्या आधीच्या तारखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सप्टेंबरात इंग्लंडला मास्टर्सला चालली आहे. कोरोनात गेलेल्या पोरांना विमानतळावरूनच हॉटेलात नेऊन कोंडलं होतं, असं पाहुण्यांकडून ऐकलंय. पुन्हा तसलं काही आलं तर तिचं काय होईल, आणि तिला आत्ताच काय शिकवून पाठवावं?

आधी तुमचा घोर कमी करतो. इंग्लंडनं प्रवासावरचे कोरोनाचे सगळे नियम १८ मार्च २०२२ लाच काढून टाकले. कॅनडानं त्याच वर्षी १ ऑक्टोबरला काढले. चीननं मात्र ८ जानेवारी २०२३ पर्यंत ताणलं. तेव्हा या भीतीपायी तिकीट काढायचं थांबवू नका.

पण प्रश्न विचारलात ते बरं केलंत. मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून पोरांना बाहेर शिकायला पाठवायचं काम गेली अठरा-एकोणीस वर्षं करतोय. त्यातली २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं बाकीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त शिकवून गेली. त्या काळात जे कळलं त्यातलं बरंचसं रोग नसतानाही लागू पडतं.

क्वारंटाईन हा प्रकार आपल्याला नवा नव्हता, हे आपण विसरलो. प्लेगात लोक घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हे आमच्या आजीच्या तोंडून लहानपणी कितीदा ऐकलंय. आणि २०२० च्या मे महिन्यात पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या माणसांना गावाच्या वेशीवरच अडवून मराठी शाळेत चौदा दिवस ठेवलं होतं, ते तर सगळ्यांनीच पाहिलंय. घरून डबा यायचा, आई लांबूनच बघून जायची, हातावर शिक्का असायचा. परदेशातलं क्वारंटाईन यापेक्षा मुळात वेगळं नव्हतं. तिथं शाळेच्या जागी हॉटेल होतं, डब्याच्या जागी कागदी पिशवी होती, आणि भाडं आपणच भरायचं होतं.

म्हणून मी सांगतो, की खोलीचं फार मनाला लावून घेऊ नका. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांपैकी खोलीत बसून कुणाचं मोठं नुकसान झालेलं मला आठवत नाही. पोरं अडकली, पैसे बुडाले, एकेकाचं सत्र हुकलं, ते सगळं खोलीत शिरण्याआधी. आणि दर वेळी कारण एकच, दोन तारखा एकमेकींवर येऊन आदळल्या.

एका मुलीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

कागलकडची मुलगी. कोर्स जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेला, पण ऑनलाइन. सहा महिने तिनं माडीवर बसून लेक्चरं ऐकली. ऑगस्टपासून प्रयोगशाळेचं काम सुरू होणार, त्याला हजर राहणं भाग. इकडं भारत २३ एप्रिलपासून इंग्लंडच्या लाल यादीत. लाल यादी म्हणजे ब्रिटिश-आयरिश नागरिक आणि राहण्याचा परवाना असलेले यांनाच प्रवेश, आणि त्यांनाही सरकारनं ठरवलेल्या हॉटेलात दहा दिवस. विद्यार्थ्याचा व्हिसा हा परवान्यात धरला जायचा, त्यामुळे तिला जाता येत होतं. पण हॉटेलचे १७५० पौंड आधी भरल्याशिवाय विमानात पाऊल ठेवता येत नव्हतं. त्या वेळच्या भावानं पावणेदोन लाखांच्या वरच, म्हणजे जवळपास एक लाख ऐंशी हजार रुपये. त्यात विमानतळावरून हॉटेलपर्यंतची बस, राहणं, तीन वेळचं जेवण आणि दोन चाचण्या.

विमान मुंबईहून, गुरुवार २९ जुलैचं. चाचणीचा नियम असा की निघण्याआधीच्या तीन दिवसांत दिलेल्या स्वॅबचा निगेटिव्ह रिपोर्ट हातात हवा.

आता २०२१ च्या जुलैचा तो आठवडा कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची खूण कधीच ओलांडली होती. शुक्रवारी महामार्गावर शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. खाली निपाणीच्या अंगालाही पाणी. म्हणजे कागलकर मधल्यामध्ये अडकला.

शनिवारी सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन. "सर, लॅब मोकळी हाय, आजच स्वॅब देऊन टाकतो. रिपोर्ट हातात असला की जिवाला बरं." मी म्हटलं, थांबा, अजिबात देऊ नका. ते माझ्यावर चिडले. त्यांचं म्हणणं वरवर बरोबरच होतं. पुरात लॅबवाला उद्या येईल-न येईल, वीज राहील-न राहील. पण घड्याळ चालू होतं ते स्वॅब दिल्या क्षणापासून, रिपोर्ट हातात पडल्यापासून नव्हे. शनिवारचा स्वॅब गुरुवारच्या विमानाला शिळा. एकदा तो घड्याळाचा काटा आपणच सोडला, की पूर आपल्यासाठी थांबत नाही.

मुलगी शांत होती. ती म्हणाली, "सर, मी मुंबईत आत्याकडं जाऊन देतो स्वॅब." (आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी देतो' असंच बोलतात. पुण्याकडच्या वाचकांनी दचकू नये.) सोमवारी पाणी उतरून रस्ता थोडाथोडा सुटायला लागला. गाड्यांची ही रांग. मंगळवारी पहाटे मंडळी आत्याच्या दारात, मंगळवारीच स्वॅब, बुधवारी रिपोर्ट. गुरुवारी ती विमानात बसली.

हीथ्रोवर तेव्हा लाल यादीतल्या विमानांसाठी चार नंबरचं टर्मिनल वेगळं काढलं होतं. तिथं रांगेत तीन-साडेतीन तास. मग बस. बस कुठल्या हॉटेलात नेणार हे बसमध्ये बसेपर्यंत कुणी सांगत नाही. बुकिंग आपण करतो, हॉटेल ते ठरवतात. रात्री तिचा मेसेज आला: "पोचलो. खिडकी उघडत न्हाई."

आणि पुढं काय झालं ऐका. ४ ऑगस्टच्या रात्री बातमी आली, की ८ तारखेला पहाटे चारपासून भारत लाल यादीतून बाहेर. त्यानंतर उतरणाऱ्यांना हॉटेल नाही, आपापल्या राहत्या जागी दहा दिवस. आधी आलेल्यांनी मात्र हॉटेलातली मुदत पुरी करायचीच. ही ९ तारखेला सुटली. म्हणजे दहा दिवस थांबली असती, तर एक लाख ऐंशी हजार वाचले असते.

तिच्या वडिलांनी मला त्यावर कधी बोल लावला नाही. मी मात्र स्वतःला बरेच दिवस लावत होतो. आज विचाराल तर त्या वेळी जे हाती होतं त्यावरून मी पुन्हा तोच सल्ला देईन. यादी कधी बदलेल याचा अंदाज मी बांधायला गेलो, की ज्योतिषी झालो. प्रयोगशाळेची तारीख मात्र पत्रात छापलेली होती. छापलेल्या तारखेवर चालावं, ऐकीव तारखेवर नव्हे, एवढं मी त्या दोन वर्षांत कटाक्षानं पाळलं. उलटंही घडू शकलं असतं. त्याच १२ ऑगस्टपासून लाल यादीतल्या देशांसाठी हॉटेलचा दर १७५० वरून २२८५ पौंडांवर गेला. भारत यादीत राहिला असता, तर थांबलेल्यांना आणखी पन्नासेक हजारांचा फटका बसला असता.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तिचं हॉटेलचं बुकिंग पहिल्या झटक्यात झालंच नाही. वडिलांच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते चालू केले तर मर्यादा पन्नास हजाराची. बँकेची शाखा निर्बंधांमुळे अर्धा दिवस उघडी. तेव्हा आपल्या जिल्ह्यात आकडे उतरत नव्हते म्हणून निर्बंध तसेच होते, हे आठवत असेल. तीन दिवस त्यात गेले. तुमच्या मुलीच्या कार्डाचं हे काम आजच करा, त्याला साथ यायची वाट बघायला नको.

आता कागदांवर येतो. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या मराठी माणसाची खरी गोची इथंच होते.

आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. आधारवर एका क्रमानं, दहावीच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेली दोन नावं एकत्र. कोविनवर लोकांनी नाव टाकलं ते आधार बघून. त्यात कुणी वडिलांचं नाव गाळलं, कुणी 'राव' जोडला. लसीचं सर्टिफिकेट पासपोर्टशी जुळेना. पुढं पासपोर्ट नंबर सर्टिफिकेटवर टाकायची सोय झाली, तेव्हा अर्धं दुखणं गेलं. पण लॅबच्या रिपोर्टचं काय? लॅबमधला पोरगा घाईत विचारतो, "नाव?" आपण सांगतो घरात हाक मारतात तसं. माझ्याकडच्या एकाला मुंबई विमानतळावरून परत पाठवलं होतं, ते रिपोर्टवर पासपोर्ट नंबर नव्हता आणि आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं म्हणून. त्यानंतर मी पोरांना सांगायला लागलो, की तोंडानं नाव सांगूच नका. पासपोर्टची झेरॉक्स पुढं करा आणि रिपोर्ट छापायच्या आधी स्क्रीनवर वाचा.

लसीचंही तसंच. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. ऑगस्टात जाणाऱ्या पोराला ते परवडणारं नव्हतं. मग ७ जूनला केंद्रानं परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी २८ दिवसांनंतर दुसऱ्या डोसची मुभा दिली. कॉलेजचं पत्र आणि पासपोर्ट दाखवायचा. ज्यांनी मे महिन्यात मिळेल ती लस म्हणून कोव्हॅक्सिन घेतली, त्यांची मात्र फरफट झाली. जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली ३ नोव्हेंबरला, तोवर सत्र सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्या पोरांची चूक काय? काही नाही. १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि पंधरा दिवसांच्या आत राज्यात तुटवड्यापायी बंदही झाली. मिळाली ती घेतली.

आणि कोविशील्डवाल्यांनाही सुख नव्हतंच. इंग्लंडनं ४ ऑक्टोबरपासून नवे नियम आणले, त्यात आपल्या सर्टिफिकेटला मान्यता नाही. म्हणजे दोन डोस घेतलेलं पोरगं तिथं बिनलसीचं. लस त्यांच्याच विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली, बनली आपल्या पुण्यात, आणि अडलं कशावर तर कागदावर. आपल्या सर्टिफिकेटवर फक्त वय असायचं, पूर्ण जन्मतारीख नसायची, हा त्यातला एक मुद्दा होता, आणि ती सोय मग कोविनवर करून दिली. आपल्या सरकारनंही त्यांच्या लोकांना दहा दिवस बसवायचा नियम लावला, तेव्हा ११ ऑक्टोबरला ते खाली आले. त्या एका आठवड्यात माझे दोन विद्यार्थी गेले. दोघांना त्यांच्या होस्टेलच्या खोलीत दहा दिवस बसावं लागलं. त्यांच्यानंतर चार दिवसांनी गेलेला तिसरा दुसऱ्या दिवशी वर्गात.

कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी. तिकडं हॉटेलपेक्षा वाटेचीच पंचाईत. २२ एप्रिल २०२१ ला त्यांनी भारतातून थेट विमानं थांबवली आणि ती सुरू झाली २७ सप्टेंबरला. मधल्या पाच महिन्यांत जायचं तर तिसऱ्या देशातून, आणि चाचणीही त्या तिसऱ्या देशातच द्यायची. मग काय, बाजार भरला. मालदीव, सर्बिया, मेक्सिको, कतार, कुठून कुठून पोरांना न्यायची पॅकेजं निघाली. एका विमानाचं भाडं सत्तर हजार असायचं तिथं दोन-तीन लाख.

इचलकरंजीच्या एका पोराच्या बापानं यंत्रमागाच्या धंद्यात मंदी असताना असलं पॅकेज घ्यायची तयारी केली होती. मी आडवा पडलो. कारण साधं होतं. तिसऱ्या देशात चाचणी पॉझिटिव्ह आली तर? आपण कुणाच्याच घरचे नाही. दवाखाना अनोळखी, विमा नाही, मुदतीचा व्हिसा. आणि जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट दाखवून सुटायचं म्हटलं तर तो १४ ते ९० दिवसांमधला लागायचा, तोही त्याच तिसऱ्या देशातला. म्हणजे निदान दोन आठवडे तिथंच बसा. त्याच सुमाराला दुसऱ्या एकाकडून गेलेला आपल्याच भागातला मुलगा असाच सतरा दिवस अडकला. पॅकेज विकणारा फोन उचलेना. शेवटी तिथल्या हॉटेलवाल्यानंच त्याला डाळभात खायला घातला, म्हणे.

इचलकरंजीच्या पोरानं पहिलं सत्र घरून केलं. त्याला भीती होती की नंतर काम करायचा परवाना कापला जाईल. पण कॅनडा सरकारनं बाहेरून केलेला अभ्यास त्या परवान्यासाठी धरायचं ठरवलं होतं, ते मी त्याला सरकारी पानावर दाखवलं. ऑक्टोबरात तो दिल्लीहून थेट गेला. तिथंही मेख होतीच: दिल्ली विमानतळावरच्याच ठरावीक लॅबमध्ये, निघण्याआधी १८ तासांच्या आत चाचणी. म्हणजे कोल्हापूरकराला एक रात्र दिल्लीत काढणं आलंच. पण तो रडला नाही, बाप कर्जात गेला नाही.

चीनमध्ये डॉक्टर व्हायला गेलेल्या पोरांबद्दल फार लिहीत नाही, लिहायला लागलो तर संपणार नाही. २०२० च्या सुरुवातीला सुट्टीला आली ती २०२२ च्या ऑगस्टापर्यंत इथंच. अडीच वर्षं मोबाईलवर शरीररचना शिकली. त्यांना क्वारंटाईनसुद्धा नशिबात नव्हतं, कारण त्यासाठी आधी पोचावं लागतं.

आता तुमच्या खोलीकडं येऊ, कारण तुम्हाला खरं तेच विचारायचं होतं.

दार बंद. बाहेर बोळात रखवालदार. जेवण दारात ठेवून टकटक करून माणूस निघून जातो, मग मास्क लावून उचलायचं. आल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आत एक आणि आठव्या दिवशी एक, अशा दोन चाचण्या. स्वॅब आपला आपणच घ्यायचा. मोकळ्या हवेत जायचं तर रखवालदाराला सांगून, नंबर लावून, दहा-पंधरा मिनिटं, बहुतेक वेळा गाड्या लावायच्या जागेत. चाचणी पॉझिटिव्ह आली की मोजणी त्या दिवसापासून पुन्हा नव्यानं, आणि वरच्या प्रत्येक दिवसाला १५२ पौंड. काही विद्यापीठांनी हा सगळा खर्च स्वतः उचलला, काहींनी निम्मा परत दिला, काहींनी सहानुभूतीचं पत्र पाठवलं. हे आधीच ईमेल करून विचारायचं असतं, आणि आपली पोरं लाजतात.

जेवणाबद्दल बोलायचं तर उकडलेला वाटाणा आणि थंड सँडविच. कोल्हापूरच्या जिभेला ते तिसऱ्या दिवशीच नको होतं. म्हणून चटणी न्यायचीच. कांदालसूण चटणी, भडंग, मेतकूट, थालीपिठाची भाजणी असलं कोरडं चालतं. तूप, पेढे, खवा घालून केलेलं काहीही मात्र इंग्लंडला बॅगेतून नेऊ नका. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथं आजही बंदी आहे, त्याचा कोरोनाशी संबंध नाही. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी, न सांगता नेली की दंड. खोलीत किटली असते, तिच्यात पाणी उकळून मेतकूट-भात होतो, पाकिटातले पोहे होतात. एका पठ्ठ्यानं इस्त्रीवर चपाती गरम करायचा उद्योग केला आणि धुराची घंटा वाजली. सगळं हॉटेल खाली उतरवलं. क्वारंटाईनमधली सगळी माणसं एकदम अंगणात! त्याची आई अजून हे हसत सांगते, पण त्या दिवशी त्याची बोबडी वळली होती.

मनाचं म्हणाल तर माझ्या बघण्यात अवघड दिवस चौथा आणि पाचवा. पहिले तीन दिवस झोप, नवलाई, फोटो यांत जातात. चौथ्या दिवशी जागेपणी कळतं की अजून सहा आहेत. मी पोरांना एकच गोष्ट करायला सांगायचो: बॅग पूर्ण उघडा, कपडे कपाटात लावा. उद्या निघायचंय अशा थाटात बॅगेवर बसून राहिलेली पोरं लवकर खचायची. रोज दोन कपडे बेसिनमध्ये धुवायचे, ठरल्या वेळी आंघोळ, बसल्या जागी बँक खात्याचे फॉर्म भरायचे. कागलच्या त्या मुलीनं तर खोलीची लांबी पावलांनी मोजून रोज रंकाळ्याला एक फेरा होईल एवढं चालायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी मोजायचा कंटाळा आला म्हणाली, पण चालत राहिली.

आणि एक सांगतो, रागावू नका. खोलीतल्या पोरापेक्षा घरची माणसं जास्त त्रास देतात. उन्हाळ्यात इंग्लंडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं. तुम्ही सकाळी सहाला चहा घेत प्रेमानं फोन लावता, तिथं रात्रीचा दीड. मुलगी दचकून उठते, मग झोप लागत नाही, मग दुसऱ्या दिवशी ती रडते, मग तुम्ही काळजीनं आणखी दोनदा फोन करता. कागलच्या घरात आम्ही ठरवून टाकलं होतं: रोज रात्री साडेनऊला एकच व्हिडिओ कॉल, तिथं संध्याकाळचे पाच. आजीला पहिले पाच मिनिटं द्यायची, नाहीतर ती मध्ये मध्ये बोलते. बाकी वेळ मेसेज. हे तुमच्यासाठी आजही लागू आहे. होस्टेलची पहिली रात्र कुठल्याही वर्षी तशीच असते.

"पुन्हा आलं तर" याचं उत्तर मी असं देईन. मुलीला हॉटेलात राहायला नको, तारखा वाचायला शिकवा. एक वही करू द्या. प्रत्येक कागदापुढं तो कधीपासून धरला जातो आणि कधी मरतो, एवढंच लिहायचं. साथ नसतानाही इंग्लंडच्या कामात असे किती काटे आहेत बघा. टीबीच्या तपासणीचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं, आणि ती तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते, त्यामुळे पुणं किंवा मुंबई गाठणं आलं. बँकेतली रक्कम सलग २८ दिवस तशीच हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला हवा. मधे एक दिवस जरी कुणी त्यातून चुलत भावाच्या ट्रॅक्टरसाठी पैसे काढले की मोजणी पहिल्यापासून. हसू नका, असं झालंय. विद्यापीठाच्या प्रवेशाच्या नंबरालाही सहा महिन्यांची मुदत. वर्षाला ७७६ पौंड आरोग्याचा अधिभार आपण व्हिसाबरोबरच भरतो, मग पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडं नाव नोंदवायचं, ताप येईपर्यंत थांबायचं नाही. पुन्हा काही उद्भवलंच तर नोंद असलेल्याला दार आधी उघडतं, हे २०२० च्या मार्चमध्ये तिथं असलेल्या माझ्या पोरांनी अनुभवलंय.

आणि नियम वाचायचा तो त्या देशाच्या सरकारी पानावर, निघायच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा. माझ्याकडून नको, यूट्यूबवरून तर नकोच. मीसुद्धा २०२१ मध्ये एकदा आठ दिवसांपूर्वीचा नियम सांगून बसलो होतो. विमान कंपनीचा माणूस काउंटरवर त्या दिवशीचं पान उघडून बघतो.

तिनं हातातल्या बॅगेत काय ठेवावं हेही विचारलंत: मूळ कागद, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट, दोन जोड कपडे, चार्जर आणि इंग्लंडचा तीन चौकोनी पायांचा प्लग. आपली पिन तिथं बसत नाही आणि पहिल्या रात्री मोबाईल बंद पडला की घरी कोल्हापुरात कुणी झोपत नाही.

सोबत जावं का, तर नको. एक माणूस जाऊन येण्याच्या पैशात तिचं दोन-तीन महिन्यांचं राहणं होतं. मुंबईला मात्र विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. सप्टेंबरात पूर येत नाही म्हणतात, पण पावसाळ्यात घाटाचा भरवसा नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पासपोर्टवर तिच्या नावात तुमचं नाव पूर्ण आहे आणि डिग्रीच्या सर्टिफिकेटवर नुसतं आद्याक्षर आहे, असं मला दिसतंय. दोन्ही घेऊन सोमवारी अकरानंतर या. त्यासाठी प्रतिज्ञापत्र पुरेल का विद्यापीठाकडून दुरुस्ती लागेल ते आधी बघू, कारण दुरुस्तीला लागणारे आठवडे तुमच्या त्या २८ दिवसांच्या आधी मोजावे लागतील.